एकशे दहाचा पूरक कोन नाही

जून संपत आला की मी आठवीच्या वर्गाला एक कागद देते. सात प्रश्न, सात गुण, अर्धा तास. सातवीतल्या 'कोन व कोनांच्या जोड्या' या प्रकरणातलं सुट्टीनंतर किती शिल्लक आहे, ते त्यातून कळतं. पुढे लगेच 'समांतर रेषा व छेदिका' येतं. दोन रेषांना छेदिकेने छेदलं की आठ कोन होतात, त्यातला एक दिलेला असतो आणि बाकीचे काढायचे असतात. त्यातले पहिले तीन तर नुसत्या 'रेषेवरचे दोन कोन मिळून १८०' एवढ्यावर निघतात. तेवढं हाताशी नसेल तर मूल पहिल्याच आकृतीशी अडकून बसतं.

हे प्रकरण अशाच एका कागदाचं आहे. मुलगी वर्गात नवी होती. घर मराठी, पण वडिलांच्या कामामुळे ती जन्मापासून इंदूरला वाढलेली आणि सातवीपर्यंत तिथल्याच हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकलेली. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा सगळं कुटुंब भुसावळजवळच्या मूळ गावी परतलं आणि ती आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आली. पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत तिच्याविषयी बोलणं झालं ते एवढंच: "मराठी चांगलं आहे हो पोरीचं." खरंच चांगलं होतं. घरात आजीशी, आईशी मराठीच बोलायची. लिपी दोन्हीकडे देवनागरीच. तेव्हा भाषेची अडचण नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं.

सात उत्तरं

पुस्तकात बिंदूंना आणि अज्ञात मापाला इंग्रजी अक्षरं असतात. इथे सोयीसाठी बिंदूंना अ, ब, क, म म्हणते आणि अज्ञात मापाला जुन्या पद्धतीने क्ष.

पहिला प्रश्न आकृतीचा. रेषा अब, तिच्यावर बिंदू म, त्यातून निघालेला किरण मक. कोन अमक ६५ अंशांचा, तर कोन कमब किती? तिचं उत्तर ११५. बरोबर.

दुसरा शब्दांत: ५० अंश मापाच्या कोनाच्या पूरक कोनाचे माप किती? तिचं उत्तर ४०. यायला हवे होते १३०, कारण पूरक कोन मिळून १८०.

तिसऱ्यात पुन्हा आकृती, या वेळी रेषेवर तीन कोन: ४०, क्ष आणि ७५. तिने ६५ काढले. बरोबर.

चौथा: दोन पूरक कोनांपैकी एक दुसऱ्यापेक्षा २० अंशांनी मोठा आहे, तर दोन्ही मापे काढा. तिने ५५ आणि ३५ लिहिलं. खरं उत्तर १०० आणि ८०.

पाचवा: रेषीय जोडीतील (म्हणजे एकाच रेषेवर शेजारी असलेल्या दोन कोनांतील) एका कोनाचे माप दुसऱ्याच्या दुप्पट आहे. तिचं उत्तर ६० आणि १२०. बरोबर, आणि समीकरणही नीट मांडलेलं.

सहावा: ११० अंश मापाच्या कोनाच्या पूरक कोनाचे माप लिहा. इथे तिने आकडा लिहिलाच नव्हता. एक वाक्य होतं: '११० चा पूरक कोण नाही, कारण ११० हा ९० पेक्षा मोठा आहे.' मी त्यावर लाल शाईची मोठी फुली मारली, 'कोण'वर गोल केला आणि वर 'कोन' लिहिलं. सबंध कागदभर तिने 'कोण' असंच लिहिलं होतं आणि 'सरळ'चं 'सरल' केलं होतं. मी ते सगळं शुद्धलेखन म्हणून सुधारलं. म्हणजे पुरावा हातात होता, आणि मी तो इमानेइतबारे पुसत बसले होते.

सातव्यात मी आकृती आणि शब्द एकत्र केले होते. रेषा अब वर बिंदू म. कोन अमक आणि कोन कमब पूरक आहेत. त्यांची मापे ३क्ष आणि २क्ष. तर क्ष किती? तिथे कागद खोडरबराने झिजून पातळ झाला होता. उजेडात धरला तर खाली दोन आकडे दिसत होते, एकावर एक: ३६ आणि १८. शेवटी दोन्ही खोडून तिने जागा कोरी सोडली होती. कडेला मात्र पेन्सिलीने एक बारकी आकृती होती, माझ्या आकृतीसारखीच, फक्त तिच्यातली रेषा म पाशी मोडलेली होती. एक भुजा आडवी आणि दुसरी उभी. मला ती गिचमीड वाटली.

सातपैकी तीन.

माझं पहिलं निदान

दर वर्षी आठ-दहा मुलं पूरक आणि कोटिकोन यांची अदलाबदल करतात. कोटिकोनांची बेरीज ९०, पूरक कोनांची १८०. सुट्टीत हे दोन आकडे जागा बदलतात, यात नवल काही नाही. मी तिला त्याच टोपलीत टाकलं. दुसरी शंका होती कोनमापकाची. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढते, दुसरी उजवीकडून, आणि चुकीची ओळ वाचली की ६५ चे ११५ होतात. पण या कागदावर मोजायचं काहीच नव्हतं, ती शंका तिथेच मिटली.

त्या संध्याकाळी मी प्रश्नांची क्रमाने नव्हे, उत्तरांनुसार वाटणी केली असती तर काम पाच मिनिटांत झालं असतं. बरोबर आलेले तिन्ही एक तर आकृतीचे होते, नाही तर 'रेषीय जोडी' या शब्दाचे. चुकलेल्या तिन्हींत 'पूरक' हा शब्द होता आणि आकृती नव्हती. ज्यात दोन्ही होतं, तिथे पोरीचा कागद फाटायला आला होता. शिवाय चुकलेल्या उत्तरांत आकडेमोडीची एकही चूक नव्हती. ५५ आणि ३५ मध्ये २० चा फरक आहे आणि बेरीज ९० आहे. ज्याच्या डोक्यात नुसता गोंधळ असतो त्याची उत्तरं इतकी स्वच्छ येत नाहीत. अदलाबदल करणारं मूल ११० च्या प्रश्नाला बहुधा ७० लिहून मोकळं होतं, किंवा ११० मधून ९० वजा करून २० लिहितं. 'असा कोन नाहीच' असं लिहून त्याचं कारण देत नाही.

दोष माझ्या कागदातही होता. त्यात 'कोटिकोन' हा शब्द कुठेच नव्हता. एक प्रश्न असता, ३० अंशांच्या कोनाचा कोटिकोन किती, तर निवाडा तिथेच झाला असता. अदलाबदल करणाऱ्यांनी १५० लिहिलं असतं. हिने जागा कोरी सोडली असती, कारण तो शब्द तिने आयुष्यात ऐकलेला नव्हता.

उपाय, आणि उपायाने झालेलं नुकसान

मी जे केलं ते सांगायला संकोच वाटतो, पण प्रकरण लिहायचं तर ते वगळता येत नाही. 'पूरक कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते' हे वाक्य मी तिला वीस वेळा लिहायला लावलं. तिने काही न बोलता लिहिलं. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं तर सगळी उत्तरं बरोबर. मी खूश.

दोन आठवड्यांनी वर्गात काटकोनाची एक आकृती दिली. शिरोबिंदूपाशी काटकोनाची छोटी चौकट काढलेली, आतून एक किरण गेलेला, एका बाजूचा कोन ३५ अंश, दुसरा काढा. उत्तर ५५. तिने १४५ लिहिलं. जो कोन कागदावर लघुकोन आहे हे नुसतं बघून कळतं, त्याला १४५! आणि हे त्या मुलीने, जी जूनमध्ये आकृती पाहून एकही चूक करत नव्हती. वीस वेळा लिहिलेल्या वाक्याने तिला एवढंच शिकवलं होतं की या शाळेत कोन आला की १८० मधून वजा करायचं आणि आकृतीकडे बघायचं नाही. तिच्यापाशी जे धड होतं तेच मी मोडलं होतं.

मी तिच्या बाकाशेजारी बसले आणि तिला तोच प्रश्न पुन्हा वाचायला सांगितला. ती पुटपुटत वाचू लागली. मधेच थांबली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "इथे संपूरक तर नाही ना लिहिलंय…"

"काय म्हणालीस?"

"काही नाही, बाई."

"नाही, सांग. सं… काय?"

"संपूरक. एकशे ऐंशीवाला."

जुनी वही

दुसऱ्या दिवशी तिने इंदूरची सातवीची गणिताची वही आणली. निळं प्लॅस्टिकचं कव्हर, आत अक्षर याहून सुबक. 'रेखा एवं कोण' या पाठाखाली दोन ओळी चौकटीत होत्या: पूरक कोण, योग ९०°. संपूरक कोण, योग १८०°. आणि त्याखाली तिच्या तिथल्या शिक्षकांनी सोडवून घेतलेलं उदाहरण: ११०° चा पूरक कोण संभव नाही.

म्हणजे हिंदीत 'पूरक' म्हणजे मिळून ९०, आणि मराठीत 'पूरक' म्हणजे मिळून १८०. अक्षरं तीच, उच्चार तोच, लिपी तीच, अर्थ मात्र दुप्पट. आपल्याकडे ९० वाल्या जोडीला 'कोटिकोन' म्हणतात आणि तिकडे १८० वाल्या जोडीला 'संपूरक'. इतकी वर्षं भूमिती शिकवून मला हे ठाऊक नव्हतं. शाळेतल्या दुसऱ्या गणित शिक्षकांनाही नव्हतं. हिंदी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "गणिताचं मला कशाला विचारता?"

वही मी घरी नेली आणि रात्री ती आणि आपलं पुस्तक शेजारी ठेवून शब्द लावत बसले. काही ठिकाणी धोका नव्हता, कारण शब्द वेगळाच असला की मूल थांबतं आणि विचारतं. आपला लघुकोन तिकडे न्यून कोण, विशालकोन तिकडे अधिक कोण, संलग्न कोन ते आसन्न कोण, विरुद्ध कोन ते शीर्षाभिमुख कोण, व्युत्क्रम कोन ते एकांतर कोण. रेषीय जोडी आणि रैखिक युग्म यांत नातं दिसतंच, म्हणून पाचवा प्रश्न तिला अडला नव्हता. संगत कोन तर दोन्हीकडे संगतच. फसवणारे शब्द दोनच निघाले. एक 'पूरक'. दुसरा 'समकोण': हिंदीत त्याचा अर्थ काटकोन, आणि मराठी कानाला तो 'सारखे कोन' असा ऐकू येतो. तिने एकदा वर्गात "हे दोन्ही समकोन आहेत" असं म्हटल्याचं मला तेव्हा आठवलं. मी "शाब्बास, सारखेच आहेत" म्हणून पुढे गेले होते. ती काटकोन म्हणत होती. ते दोन्ही काटकोनच होते, त्यामुळे दोघींचंही बरोबर ठरलं आणि कुणालाच काही कळलं नाही.

थोडा विचार केला तर दोष शब्दाचाही नाही. 'पूरक' म्हणजे भर घालून पुरं करणारा. काय पुरं करायचं ते शब्दात कुठे सांगितलंय? काटकोन पुरा करणारा म्हटलं तर ९०, सरळ कोन पुरा करणारा म्हटलं तर १८०. दोन्ही वाटा सरळ आहेत. दोन भाषांनी दोन धरल्या. उलट आपला 'कोटिकोन' जास्त खानदानी. संस्कृत गणितात कोसाइनला 'कोटिज्या' म्हणत, ती हीच कोटी: धनुष्याची दोरी ती ज्या आणि धनुष्याचं वाकलेलं टोक ती कोटी. एखाद्या कोनाची कोटिज्या म्हणजे त्याच्या कोटिकोनाची ज्या, हे पुढे नववी-दहावीत त्रिकोणमितीत भेटतंच. पण आठवीतल्या मुलीला या खानदानाचं काय करायचं? तिला नववा प्रश्न सोडवायचा असतो.

कोपरा कुठे आहे?

पुढच्या आठवड्यात मी तिला चार दिवस मधल्या सुट्टीनंतर वीस-वीस मिनिटं बसवलं. पहिल्या दिवशी दोन्ही शब्दांवर बंदी घातली. पूरक नाही, संपूरक नाही, कोटिकोनही नाही. म्हणायचं ते 'मिळून सरळ' किंवा 'मिळून काटकोन'. बघता बघता उत्तरं जूनसारखी येऊ लागली.

मग तिने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

"बाई, सरळ कोन हा कोन कसा? त्याला कोपराच नाही."

हा प्रश्न वेडगळ नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथात कोनाची व्याख्या केली तीच मुळी अशी: एकमेकींना मिळणाऱ्या आणि एका सरळ रेषेत नसणाऱ्या दोन रेषांचा एकमेकींकडे असलेला कल. एका सरळ रेषेत नसणाऱ्या! म्हणजे त्याच्या लेखी सरळ कोन हा कोन नव्हताच. पहिल्या भागातलं तेरावं प्रमेय आपल्या रेषीय जोडीचंच आहे, पण त्यात १८० नाही, अंश नाहीत आणि 'सरळ कोन' हा शब्दही नाही. एका सरळ रेषेवर दुसरी उभी राहिली तर होणारे कोन एक तर दोन काटकोन असतात, नाही तर मिळून दोन काटकोनांएवढे, इतकंच त्यात आहे. आणि काटकोन तरी कसा ठरवला? रेषेवर उभ्या राहिलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे झाले तर तो प्रत्येक काटकोन. काटकोन सरळ रेषेपासून निघतो, मोजपट्टीपासून नाही.

मी तिला युक्लिड सांगितला, पण चार वाक्यांत. आठवीच्या मुलीला युक्लिडपेक्षा कंपासपेटीचा उपयोग जास्त. तिची पेटी उघडली, त्यातला कर्कटक घेतला. दोन्ही पाय मिटलेले: शून्य. थोडे उघडले: लघुकोन. काटकोन. विशालकोन. उघडत उघडत शेवटी दोन्ही पाय एका ओळीत आले आणि कर्कटक बाकावर आडवा पडला, मधली खुंटी तेवढी वर.

"आता कोपरा गेला," ती म्हणाली.

"कोपरा गेला. पाय किती फिरला?"

तिने कर्कटक पुन्हा मिटला आणि मोजत उघडला. "दोन काटकोन."

"मग कोन म्हणजे कोपरा, की फिरणं?"

ती काही बोलली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सहा वाजता पण असंच होतं." बरोबर आहे. सहाच्या ठोक्याला मोठा काटा बारावर, छोटा सहावर, दोन्ही मिळून एक सरळ रेघ, आणि त्या रेघेच्या एका बाजूला तासांची सहा घरं, प्रत्येक ३० अंशांचं. मी हे उदाहरण उद्यासाठी राखून ठेवलं होतं. ते तिनेच वापरून टाकलं.

मग कागद. वहीच्या पानाची एक कड ही रेषा धरली. कडेवर एक बिंदू घेऊन त्यातून एक तिरकी घडी घातली, घडीवर कागद फाडला. दोन तुकडे, प्रत्येकाला एक कोन. ते पुन्हा जोडले की कड सरळ होते. कोणतीही घडी घातली तरी होते. तिने पाच वेगवेगळ्या घड्या घातल्या. सहाव्यांदा एका पानातून तीन तुकडे केले आणि तेही जोडून बघितले. "यांना काय म्हणायचं? तिघांना?" काहीच म्हणायचं नाही, मी सांगितलं, पूरक हा शब्द जोडीसाठी आहे, तिघांसाठी तो वापरत नाहीत. बेरीज मात्र १८० च. तिला हे फार अन्यायाचं वाटलं.

दोन तुकडे दूर दूर ठेवले तेव्हा दुसरी एक गोष्ट सुटली. आता त्यांची सामाईक भुजा नाही, एक शिरोबिंदू नाही, तरी मापांची बेरीज १८० च आहे. म्हणजे ते पूरक आहेत, पण रेषीय जोडी नाहीत. जोडून ठेवले की दोन्ही. पुस्तकातल्या या दोन व्याख्यांत नेमका फरक काय, हे माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही धड सांगता येत नाही. रेषीय जोडीला उरलेल्या दोन भुजा विरुद्ध किरण असाव्या लागतात. पूरक असायला कोन दोन वेगवेगळ्या गावांत असले तरी चालतात.

एक अंश कमी

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम एक फसवी आकृती दिली. किरण मअ, मक आणि मब. मअ आणि मब दिसायला अगदी एका रेषेत. कोन अमक ६३ अंश, कोन कमब ११६. प्रश्न: अ, म, ब एका रेषेत आहेत का? त्या दिवशी तिच्यासोबत आणखी दोन मुलं होती, खरोखरची अदलाबदलवाली. एकाने लगेच सांगितलं, "हो, दिसतंच आहे." दुसऱ्याने बेरीज केली, १७९ आली, आणि तो म्हणाला, "एकच अंश कमी आहे, चालतंय की."

ती म्हणाली, "चालणार नाही. ही रेषा नाहीच. म पाशी मोडलीये."

'मोडलीये' हा शब्द ऐकला आणि मला जूनच्या कागदाच्या कडेची ती बारकी आकृती आठवली. सातव्या प्रश्नात तिला 'पूरक' शब्दाने ९० दिले होते, आकृतीने १८०. ५क्ष बरोबर ९० धरलं तर क्ष १८, कोन ५४ आणि ३६, आणि मग अमब सरळ राहत नाही, काटकोनात वळायला लागतो. म्हणून तिने रेषा मोडून पाहिली होती. ते गिचमीड नव्हतं. माझा प्रश्न तिच्या भाषेत स्वतःशीच भांडत होता आणि तिने ते भांडण काढून दाखवलं होतं.

एका अंशाने काय बिघडतं, ते आम्ही व्हरांड्यात पाहिलं. एक दोरी फरशीच्या सांध्यावर ताणून धरली, दुसरी त्याच टोकापासून एक अंश वळवून. कोनमापकावर एक अंश म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी फट. सहा मीटरवर, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाशी, दोन दोऱ्यांमधलं अंतर साडेदहा सेंटीमीटरच्या आसपास भरलं, म्हणजे साधारण अर्धी वीत. 'चालतंय की' म्हणणारा मुलगा स्वतः पट्टी घेऊन मोजत होता. त्याचे मामा फरशी बसवतात. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मामा शिव्या देतील."

नंतर

वर्गातल्या बाकीच्या मुलांत शोध घेतला तेव्हा आणखी दोघं सापडली, आणि ती कुठूनही आलेली नव्हती, इथलीच होती. मोबाइलवर हिंदीतले गणिताचे व्हिडिओ बघून अभ्यास करत होती. बघू नका म्हणणं मला पटत नाही, काही व्हिडिओ माझ्या शिकवण्यापेक्षा बरे असतात. फळ्याच्या कोपऱ्यात आता दोन ओळींचा तक्ता असतो: मराठी पूरक १८०, हिंदी पूरक ९०. तो तिच्या अक्षरात आहे. जूनच्या माझ्या कागदात एक कोटिकोनाचा प्रश्न वाढला आहे, आणि प्रत्येक उत्तरापुढे 'कारण' लिहायला एक ओळ सोडलेली असते. ती ओळ मी आधी वाचते, आकडा नंतर.

घटक चाचणीत तिला भूमितीत अडचण आली नाही, फक्त एका ठिकाणी व्युत्क्रम कोनांना तिने एकांतर लिहिलं. मी गुण कापले नाहीत. आजी एकदा शाळेत आली होती, तिला एवढंच सांगितलं की पोरगी हुशार आहे. "तिच्या आजोबांवर गेलीये," आजी म्हणाली. "ते पण उलट बोलायचे."

सत्र संपताना मी सगळ्यांचे जूनचे कागद परत दिले. तिने आपला कागद उलटापालटा करून पाहिला आणि माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, सहाव्याचं कारण बरोबर होतं ना?"

"तुझ्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पण पेपर मराठी होता."

"मग अर्धा तरी द्या."

मी अर्धा दिला. ती गेली नाही.

"मग दुसऱ्याला आणि चौथ्याला पण अर्धा अर्धा यायला पाहिजे. कारण तेच होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीनचे साडेचार केले आणि शेजारी सही केली.